तीन पट्ट्यांखालची मूठ

रविवार, दुपारचे चार वाजून सतरा मिनिटं. औषध कंपनीचं मैदान, कारखान्यांच्या महिला हॉकी स्पर्धेचा उपांत्य सामना, तिसरा क्वार्टर. मी माझ्या खेळाडूच्या हातातून सुटले, हवेत दोन गिरक्या घेतल्या आणि आमच्याच कप्तानाच्या तोंडावर आदळले. कप्तानाचा समोरचा दात अर्धा तुटला. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. त्यापुढे चौकशीच्या अहवालात जे लिहिलंय ते मला मान्य नाही, आणि मला कुणी विचारलेलंही नाही. म्हणून बोलतेय. मी ती स्टिक.

जन्मानं मी तुतीची. माझं टोक वाफेवर धरून मुद्दाम वाकवलं. माणसांची डोकी त्यामानाने फारच स्वस्तात वाकडी होतात. मला घडवणारा कारागीर आडदांड होता, त्याचा पंजा परातीएवढा. मूठ तयार झाली की तो ती स्वतःच्या हातात धरून बघायचा आणि समाधानानं मान डोलवायचा. जगातली प्रत्येक स्टिक त्याच्या हाताला चपखल बसायची. त्याला मी दोष देत नाही. तो स्टिक्स बनवत होता, वाटत नव्हता.

वाटप कंपनीच्या स्टोअरमध्ये झालं. आम्ही वीस जणी भिंतीला टेकून उभ्या होतो. स्टोअरकीपर खेळाडूला सरळ उभं करायचा, तिच्या बाजूला एकेक स्टिक लावायचा, आणि जिचं टोक कमरेच्या हाडाला लागेल ती तिची. सही करा, पुढची. स्टिक धरायची असते हाताने आणि माप घ्यायचं कमरेचं, ही पद्धत कुणी घातली हे त्यालाही ठाऊक नव्हतं. पद्धत होती म्हणून तो पाळत होता.

मी ज्या बाईच्या वाट्याला आले तिला सगळे चिमूट म्हणतात. उंचीला चारचौघींसारखी, वय तेव्हा एकोणतीस, हात मात्र शाळकरी पोरीएवढे. पॅकिंग विभागात ह्याच हातांना केवढा मान. बाटल्यांचा पट्टा अडकला की यंत्र बंद करून तिला हाक मारतात, कारण त्या फटीत दुसऱ्या कुणाचा हात जातच नाही. सुपरवायझर तर म्हणतो, "हात नाहीत हे, देणगी आहे." ही देणगी फाटकाबाहेर मैदानावर आली की तिचं नाव व्यंग होतं.

तिने मला धरलं आणि लगेच म्हणाली, "साहेब, मूठ जाड आहे हिची. बोटं फिरत नाहीत."

"कमरेला बरोबर लागतेय ना?"

"पण मी कमरेनं नाही ना खेळत."

"मग लहान मुलांची घ्या. ती असते बारीक."

"ती घेतली तर बॉलपर्यंत पोचायला मला रांगावं लागेल."

"ताई, एक तर उंचीला बसणारी घ्या, नाहीतर हाताला बसणारी. दोन्ही जमणारी आपल्याकडे येत नाही." त्याने वही पुढे सरकवली. तिने सही केली.

हॉकी न खेळणाऱ्यांसाठी सांगते. डावा हात वर असतो आणि तोच मला फिरवतो. उजवा खाली नुसता आधाराला. डाव्या हाताची बोटं मुठीभोवती वळून अंगठ्याच्या बुडापर्यंत आली नाहीत, तर खेळाडू मला फिरवत नाही, लोंबकळते. चिमूट जीव खाऊन मला आवळायची. पंधरा मिनिटांत तिचं मनगट भरून यायचं, आणि मी घसरायचे.

"घसरते?" कोच म्हणाले. "पट्टी मार."

मुठीवर रबराची पट्टी गुंडाळली. मी आणखी जाड झाले, आणखी घसरले. मग दुसरी पट्टी, वर्षभराने तिसरी. ठसका लागलेल्याला कोरडा घास भरवावा, तसा हा उपचार. दर वेळी कोच मान हलवायचे आणि म्हणायचे, "नजर चांगली आहे हिची, पास सुरेख देते, पण हात कच्चा." चार वर्षं ती बाकावर बसली. दुसऱ्यांना पाणी दिलं, दुसऱ्यांचे शूज सांभाळले.

उपांत्य सामन्याच्या नऊ दिवस आधी मधल्या फळीतल्या एकीचा गुडघा गेला. कोच चिमूटला म्हणाले, "जागा तुझी. पण हात सुधारला नाही तर पुढच्या मोसमात ती नवी पोरगी घेणार मी. एकवीसची आहे. तू तेहेतीसची, मी तरी किती दिवस थांबू?"

त्या संध्याकाळी ती मला घरी घेऊन गेली. घरी तिची मावशी. ती शिवणकाम करते, आणि बोलते त्याहून जास्त. तिने मला उचललं, मूठ चाचपली.

"काय गं, ही काठी की लोड?"

"घसरते म्हणून पट्ट्या मारल्यात, मावशी."

"घसरते म्हणून जाड केली? कुठल्या शहाण्याने?" मावशीने टेबलावरची कात्री उचलून तिच्यापुढे धरली. "ही घेताना मी दुकानदाराला माझी उंची सांगितली होती का? बोटं घालून बघितली, दोनदा चालवली, मग घेतली. तुला चार वर्षांत एकानेही हात दाखव म्हटलं नाही?"

"पद्धत नाही तशी."

"पद्धत म्हणे. आण इकडे."

तिन्ही पट्ट्या तिने उसवून काढल्या. आत मी निघाले, विसरलेच होते मी कशी दिसते. मावशी म्हणाली, "बघ, आत एवढीशी पोर आणि वर हिवाळ्याचे कपडे." मग कागदासारखी पातळ एकच पट्टी ताणून गुंडाळली. चिमूटने मला धरलं. बोटं पूर्ण वळली नाहीत, मूळची मी जाडच. पण वळायची ती पुष्कळ वळली. तिने मला एकदा उलटं फिरवलं, पुन्हा सरळ केलं, आणि बराच वेळ तेच करत बसली. मावशीने जेवायला दोन हाका मारल्या.

पुढचे सहा दिवस काय सांगू. चिमूट खेळली. उलट्या स्टिकने बॉल असा ओढायची की समोरची पळतच राहायची. कोच कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "कुठे लपवलं होतंस गं हे?"

"तीन पट्ट्यांखाली, सर."

ते हसले. म्हणजे त्यांना कळलं होतं. हे लक्षात ठेवा, कारण अहवालात ते नाही.

शनिवारी सामानाची तपासणी झाली. सामन्याआधी संघाचा फोटो निघणार होता, वर्तमानपत्रात जायचा होता. प्रत्येक स्टिकच्या मुठीवर कंपनीच्या नावाची निळी पट्टी हवी, असा आदेश. स्टोअरकीपरने मला बघितलं आणि वही काढली. "कंपनीच्या पट्ट्या काढल्या? विचारल्याशिवाय? ही कंपनीची मालमत्ता आहे, ताई."

"निळी लावा, पण आधीची काढून लावा. एकच राहू दे."

"निळी पातळ आहे, तिच्याखाली गादीची पट्टी लागते. तशी लावली नाही तर नावाला सुरकुत्या पडतात."

तिने कोचकडे बघितलं. कोच शिट्टीची दोरी सोडवत होते. "एक दिवसाचा प्रश्न आहे," ते म्हणाले. "घे चालवून."

तर आधी गादीची, तिच्यावर निळी. मावशीची धरून पुन्हा तीन. फोटो उत्तम आला. नाव सगळीकडे स्पष्ट वाचता येतं.

रविवारी ऊन होतं, घाम होता. पहिले दोन क्वार्टर तिने मला नुसत्या जिद्दीवर धरून ठेवलं. बरोबरी होती, एकेक गोल. तिसऱ्यात बॉल तिच्याकडे आला, समोर मोकळं मैदान, तिने मला उलटं फिरवून जोरात मारायला उचललं. चार वाजून सतरा मिनिटं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. सामना आम्ही हरलो.

तिघांची समिती बसली. त्यांनी माझी लांबी मोजली, वजन घेतलं, टोकाचा बाक तपासला. सगळं नियमात. कप्तान तोंडावर रुमाल धरून आली आणि म्हणाली, "तिचा काय दोष? त्या काठीला माझाही हात पुरत नाही. तिच्या हातात द्यायलाच नको होती." समितीने लिहून घेतलं, 'कप्तानाची तक्रार नाही.' चिमूटला विचारलं, स्टिक तुमच्या हातातून सुटली का? ती म्हणाली, हो. बास. निष्कर्ष: ढिली पकड, खेळाडूचा निष्काळजीपणा, एक वर्ष बंदी. तेहेतिसाव्या वर्षी एक वर्ष म्हणजे किती, हे त्यांना कळत नसेल असं मला वाटत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. एकवीसची पोरगी संघात आली. तिच्याशी माझं भांडण नाही; तिलाही भिंतीपाशी उभं करून कमरेला स्टिक लावली गेली.

त्याच आठवड्यात बाटल्यांचा पट्टा अडकला. चिमूटला हाक मारली, तिने हात घालून तो सोडवला, आणि सुपरवायझरने सगळ्यांदेखत देणगीची गोष्ट पुन्हा सांगितली.

तुम्ही कधी कुणासाठी माझ्यासारखी निवडायला गेलात, तर आधी तिच्या हातात द्या. बोटं वळतात का बघा, दोनदा फिरवायला सांगा. एवढंच मागणं.

मी सध्या स्टोअरच्या कपाटात आहे, गळ्यात चौकशीचा क्रमांक बांधून. मला ठेवायला जागा करताना स्टोअरकीपरने मागचं एक लांब खोकं पुढे ओढलं. त्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या चार स्टिक्स आहेत. लांबी माझ्याएवढीच, मूठ बारीक. खोक्यावर छापलंय, 'लहान हातांच्या प्रौढ खेळाडूंसाठी'. खाली माल मिळाल्याची तारीख आहे, आमच्या वाटपाच्या नऊ दिवस आधीची, आणि तिच्याखाली स्टोअरकीपरची सही. शेजारी 'कोणास दिल्या' असा रकाना आहे. तो कोरा आहे.