सहा तासांचा कोळसा

वीस मेथीदाण्यांपैकी तिघांनी मोड काढले होते. सर्वांत लांब मोड चार मिलिमीटरचा होता, आणि तोही खाली रुजायचं सोडून बशीच्या काठाकडे वळला होता, इथून निघायची वाट शोधत असल्यासारखा. अनसूयाबाईंनी पट्टी बाजूला ठेवली आणि वहीत लिहिलं, 'खत नव्हे. तूर्त.' शेजारच्या बशीत साध्या ओल्या टिपकागदावर वीसपैकी एकोणीस दाणे मजेत उगवले होते.

पहिल्या बशीत मेथीखाली काळी भुकटी होती. ती अपूर्वाची, म्हणजे अनसूयाबाईंच्या नणंदेच्या मुलीची. अपूर्वाने विंचूरला छोटा कारखाना टाकला होता. वाइनरीतून निघणारा द्राक्षाचा चोथा आणि बाजारातला सडका कांदा उचलायचा आणि त्याचा कोळसा करायचा. यंत्र म्हणजे घरच्या कुकरचा थोरला भाऊ. ओला माल पाण्यासकट आत घालायचा, झाकण घट्ट लावायचं, दोनशे वीस अंशांपर्यंत तापवायचं आणि सहा तास दाब धरून ठेवायचा. आधी वाळवायची कटकट नाही. झाकण उघडलं की आत काळा चिखल. तो गाळून, दाबून, वड्या पाडून सुकवायच्या. या वड्या भट्टीत जाळा नाहीतर शेतात घाला, असं अपूर्वाचं म्हणणं होतं.

घोडं अडलं होतं तिच्या मामापाशी, म्हणजे अनसूयाबाईंच्या यजमानांपाशी.

शामसुंदरराव एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळसा प्रयोगशाळेत एकतीस वर्षं होते. निवृत्त झाल्यावरही लोक जेल रोडवरच्या त्यांच्या घरी पिशवीत कोळसा घेऊन येत, जोशीबुवांकडे पत्रिका नेतात तसे. त्यातल्याच एक सुमनबाई. त्यांच्या चिवड्याच्या चार भट्ट्या होत्या. फार पूर्वी कुणीतरी निम्मे दगड असलेला कोळसा त्यांच्या गळ्यात मारत होतं, तेव्हा शामसुंदररावांनी त्यांच्या अंगणात ओंजळभर जाळून उरलेले दगड त्यांच्या हातावर ठेवले होते. तेव्हापासून साहेबांनी हो म्हटल्याशिवाय सुमनबाईंच्या भट्टीत काडीही जात नसे. अपूर्वाचा हंगामाचा सगळा माल घ्यायला त्या तयार होत्या. "साहेबांना एकदा कोळसा म्हणू द्या," त्या म्हणाल्या होत्या, "मग मी वास बघत नाय का रंग बघत नाय."

साहेब अकरा महिने म्हणत नव्हते.

"कोळसा व्हायला कोट्यवधी वर्षं लागतात," ते सांगत. "सहा तासांत साबुदाणा भिजतो."

तपासायला मात्र त्यांची कधी ना नसे. पूर्वी त्यांच्या हाताखाली असलेल्या सुनीलची अंबडला स्वतःची प्रयोगशाळा होती. दर गुरुवारी ते तिथे जाऊन अपूर्वाचा एक नमुना जाळत, उष्णता मोजत, राख तोलत. आकडा चांगला आला की त्यांना आकड्याचाच संशय येई आणि पुढच्या गुरुवारी ते पुन्हा जात. असे सेहेचाळीस नमुने झाले. अहवालात 'कोळशाचा प्रकार' या रकान्यात ते दर वेळी 'पदार्थ' असं लिहीत. मध्येच एकदा त्यांनी हे खत आहे असा निकाल लावला आणि दोन ओंजळी भुकटी अनसूयाबाईंच्या अनंताच्या कुंडीत घातली. आठ दिवसांत अनंताने पिवळं पडून तो निकाल फिरवला.

अनसूयाबाईंनी शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं होतं. त्यांनी मेथी लावली, मोजली आणि अपूर्वाला स्वच्छ सांगून टाकलं: ताज्या भुकटीत बीज रुजत नाही. धुवून, शेणखतात तीन महिने मुरवून पुन्हा मेथी लावून बघू; मग कदाचित.

"म्हणजे मामी म्हणते खत नाही, कोळसा म्हण. मामा म्हणतो कोळसा नाही, खत म्हण," अपूर्वा म्हणाली. "मी काय काजळ म्हणून विकू?"

ती हसली, पण हातातली पोह्यांची बशी तशीच खाली ठेवली. पोहे न संपवणारी मुलगी नव्हती ती. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. विंचूरच्या शेडचा करार मार्चअखेर संपत होता. पुण्याच्या एका कंपनीने नोकरीचं पत्र पाठवलं होतं आणि सोमवारपर्यंत उत्तर मागितलं होतं. सुमनबाई माल घेणार असतील तर ती करार वाढवणार होती. नसतील तर यंत्र भंगारात आणि ती पुण्याला. हे मामाला सांगायचं नाही, अशी तिने शपथ घातली. दयेपोटी कोळसा म्हटलेलं तिला नको होतं.

अनसूयाबाईंनी शपथ पाळली. त्यांनी फक्त सुनीलला फोन केला.

एकतीस वर्षं रोज जेवताना ऐकून प्रयोगशाळेचे नियम त्यांना पाठ झाले होते. नमुना कुठल्या खाणीचा, हे तपासणाऱ्याला कळता कामा नये. डब्यावर फक्त क्रमांक. खाणींची नावं बंद लिफाफ्यात, आणि अहवालावर सही झाल्याशिवाय लिफाफा उघडायचा नाही. 'गाव कळलं की हात वळतो,' हे शामसुंदररावांचं आवडतं वाक्य. आणि सेहेचाळीस वेळा त्यांना गाव ठाऊक होतं.

सुनील फोनवर बराच वेळ घसा साफ करत राहिला. साहेबांनी आपल्याला घडवलं, त्यांना फसवायचं म्हणजे पाप लागेल, असं त्याचं म्हणणं.

"फसवायचं कुठे? त्यांचाच नियम त्यांना लावायचा," अनसूयाबाई म्हणाल्या.

शनिवारी सुनीलने, नव्या मुलांना दाखवायचंय अशा निमित्ताने, पाच डबे साहेबांसमोर तपासायला ठेवले. सगळ्यांत सारखी बारीक दळलेली काळी भुकटी. चौथ्या डब्याला जळक्या गुळाचा वास येत होता. पण इतक्या वर्षांच्या धुळीनंतर शामसुंदररावांच्या नाकाला हिंगाच्या फोडणीपलीकडे काही कळत नसे.

रविवारी सकाळी अहवाल वाचायच्या वेळी घरी सगळे जमले. अपूर्वाला मामीने जेवायला म्हणून बोलावलं होतं, सुमनबाईंना चहाला. सुनील दाराजवळच्या खुर्चीत लिफाफा मांडीवर धरून बसला होता, निकालाच्या दिवशी पोरं बसतात तसा.

शामसुंदरराव खुशीत होते. पहिले तीन नमुने त्यांनी झटक्यात निकालात काढले: राख अडतीस टक्के, चाळीस टक्के, नेहमीचंच रडगाणं. पाचवाही त्याच गोत्राचा. चौथ्यापाशी आल्यावर मात्र त्यांचा आवाज मऊ झाला.

"चौथा बघ, सुनील. राख चार टक्के. उष्णता सहा हजारांच्या वर. असा माल आपल्याकडे निघत नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "हा इंडोनेशियाचा. बहुतेक बोर्निओ बेटावरचा. 'कोळशाचा प्रकार': दगडी कोळसा, उत्तम."

तसं लिहून त्यांनी खाली झोकदार सही केली आणि तारीख घातली.

लिफाफा अनसूयाबाईंनी फोडला आणि वर्गात हजेरी घेतात त्या आवाजात वाचला. चौथ्या क्रमांकावर त्या थांबल्या नाहीत की आवाजही चढवला नाही. "चार. विंचूर. द्राक्षाचा चोथा आणि सडका कांदा."

सुमनबाईंनी पदर तोंडाला लावला. सुनील छताकडे बघू लागला. अपूर्वाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती आधी मामीकडे आणि मग मामाकडे बघत राहिली.

शामसुंदररावांनी अहवाल उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. एकदा परत जाळून बघायला हवं, असं काहीसं ते पुटपुटले.

"बघा की," अनसूयाबाई म्हणाल्या. "सही मात्र आधी खोडा."

एकतीस वर्षांत त्यांनी सही खोडली नव्हती. अधिकाऱ्यांनी डोळे वटारले तेव्हाही नाही. त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग कुणाकडे न बघता, हळू आवाजात त्यांनी विचारलं, "सहा तासांत होत असेल, तर मी तिथे इतकी वर्षं काय राखण करत बसलो होतो गं?"

अनसूयाबाईंच्या आता ध्यानात आलं, की अकरा महिने अडलेलं घोडं कोळशापाशी अडलेलंच नव्हतं.

उत्तर अपूर्वाने दिलं. "मामा, तू नसतास तर हा चांगला आहे हे कळलं कुणाला असतं? मला तर अजून राखसुद्धा धड तोलता येत नाही."

"ते दिसतंच आहे," शामसुंदरराव म्हणाले. "सुकवतेस पण घाईघाईने. ओल राहते."

सुमनबाई उठल्या. भट्टीवर माणसं खोळंबली होती. दारापाशी चपला घालता घालता त्या वळल्या. "मग साहेब, मी पोरीला काय सांगू? घेऊ का नको?"

शामसुंदररावांनी अहवालाची नीट चौघडी केली आणि ती भाचीच्या हातात दिली.

"घ्या, सुमनबाई," ते म्हणाले. "कोळसाच आहे."