फ्यूज चांगला आहे

मी तोंडाची फटकळ. ऑफिसात साहेबालासुद्धा तोंडावर सुनावते, नवऱ्याची तर समोर उभं राहायची बिशाद नाही. पण सासऱ्यांना एक साधं वाक्य बोलायचं होतं, तेवढं मेलं जमलं नाही. पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

सासूबाई गेल्यापासून बाबा संध्याकाळी खाली गाडीत जाऊन बसायचे. घरात मुलांचा टीव्ही, माझी भांडी, नवऱ्याचे फोन. बाबा छताचा दिवा लावून तासभर पेपर वाचायचे आणि दिवा तसाच ठेवून वर यायचे. सकाळी बॅटरी उतरलेली! आठवड्यात दोनदा मला उशीर झाला. "बाबा, दिवा बंद करत जा," एवढंच सांगायचं होतं. पण दूध उतू गेलं म्हणून गॅसला हात लावू नका असं मीच म्हटलं होतं, आणि बाथरूमची कडी लावू नका असंही. तिसऱ्यांदा 'बाबा, नको' म्हणायला जीभ रेटेना. मग एका सकाळी मी स्टिअरिंगखालच्या डबीतून आतल्या दिव्यांचा फ्यूजच उपटला. नखाएवढा, लाल. टाकला पर्समध्ये. म्हटलं, ना बोलणं, ना वाईटपणा.

एक गोष्ट मात्र डोक्यातून गेली. माझ्या सासऱ्यांनी चाळीस वर्षं गाड्यांचं वायरिंग केलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाबा हत्यारांची पेटी घेऊनच खाली उतरले. किती दिवसांनी चेहऱ्यावर तरतरी! "आधी फ्यूज बघ, मग अक्कल चालव," हे त्यांचं दुकानातलं ब्रीद. पण गुडघे वाकत नाहीत, डॅशबोर्डखाली डोकं घालता येत नाही. म्हणाले, "सूनबाई, जरा फ्यूज बघ गं. आतली तार तुटलीय का?"

मी खाली वाकले. खाच रिकामी होती, असणारच.

"चांगला आहे, बाबा."

"नक्की?"

"नक्की."

बस्स, बाबा कामाला लागले. बल्ब काढून तपासला, चांगला. दाराचं बटण घासून साफ केलं. टेस्टर लावला, तर छतापर्यंत करंटच येईना. "फ्यूज चांगला, बल्ब चांगला, म्हणजे मधे वायर तुटलीय," म्हणाले. विचार अगदी सरळ होता. सुरुवातीलाच मी खोटं घुसडलं होतं, त्याला ते बिचारे काय करणार?

चार दिवस ते ती न तुटलेली वायर शोधत होते. दाराच्या पट्ट्या निघाल्या, छताचं कापड लोंबायला लागलं. जेवताना घास हातात धरून थांबायचे. "मागच्या सीटखाली जोड असेल का?" नवरा म्हणाला, "बाबा, सोडा ना. तुमच्या चेल्याला बोलवू." चेला म्हणजे त्यांच्या हाताखाली शिकलेला, आता स्वतःचं गॅरेज असलेला. बाबांचं तोंड एवढंसं झालं. "तो काय म्हणेल? उस्तादाला साधा दिवा लागेना!"

दिवसातून दहादा मी पर्स उघडायची आणि बंद करायची. एरवी चुरुचुरु चालणारी जीभ आता कुठे गेली होती कोण जाणे.

रविवारी बाबांनीच चेल्याला फोन लावला. "दुपारी ये. गाडी बघ, आणि माझी पेटीही घेऊन जा. आता माझ्याच डोक्याचा फ्यूज उडालाय." बोलले हसतच, पण पेटीतली तीच पक्कड पुन्हा पुन्हा पुसत बसले.

आता मात्र मला राहवेना. बाबा शेवटचं म्हणून छताला टेस्टर लावून बसले होते. "खालचा कचरा काढते," म्हणत मी डॅशबोर्डखाली शिरले आणि फ्यूज खाचेत दाबला. त्यांना वाटेल त्यांनीच दुरुस्त केलं, मी गुपचूप सुटेन.

टेस्टर पेटला. बाबांनी आधी टेस्टरकडे बघितलं, मग खालून निघणाऱ्या माझ्याकडे.

"बाबा, मीच काढला होता. बॅटरी उतरायची म्हणून. चुकलं माझं." मला रडूच फुटलं.

बोलणी खायची तयारी होती. पण बाबा म्हणाले, "म्हणजे वायर तुटली नव्हती?"

"नाही."

"माझं सगळं बरोबर होतं?"

"सगळं बरोबर होतं, बाबा."

त्यांनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला. "देवा! चार दिवस मला वाटतंय, मीच संपलो." त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं.

त्यांनी बल्ब बसवला, दिवा लागला, आणि तेवढ्यात चेला आला. "लागला की, उस्ताद! काय निघालं?"

"काय निघणार? फ्यूज!" बाबा म्हणाले. "बघायचाच विसरलो बघ."

चेला पोट धरून हसला. "फ्यूजसाठी आमचे कान पिळायचात, आणि स्वतःच विसरलात? वय झालं, उस्ताद!"

"झालंच की. ने ती पेटी."

ज्याची एवढी धास्ती होती, तेच त्यांनी माझ्यासाठी अंगावर घेतलं होतं. चेल्याने पेटीला हात घातला.

"ठेव खाली!" मी ओरडले. "उस्ताद काही विसरले नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला फ्यूज बघायला सांगितला होता. तो माझ्या पर्समध्ये होता. मी खोटं बोलले."

चेल्याचं हसू जागच्या जागी विरलं. माझी मान वर होईना. बाबांनी पेटी ओढून मांडीवर घेतली आणि हात वर करून छताचा दिवा बंद केला.

"राहू दे आता," ते म्हणाले. "उद्या सूनबाईला ऑफिस आहे."