पत्रे कापणाऱ्याचा डगला

मी एक जुना डगला आहे. जाडाभरडा, निळा, कोपरांना ठिगळं लावलेला. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा गरीब स्वभावाच्या असतात. मी तसा नाही. मी डूख धरून आहे.

शिंप्याकडून निघालो तो थेट अॅस्बेस्टॉसच्या पत्र्यांच्या कारखान्यात. माझा धनी करवतीवर पत्रे कापायचा. तेव्हा आमच्या मालाचा काय तोरा! शाळांची छपरं आमची, गोदामांची आमची, घराघरांतले पाइपही आमचेच. कापताना उडालेली पांढरी धूळ माझ्या शिवणीशिवणीत बसायची. कोणी कुरकुरलं की मोठे साहेब हसून म्हणायचे, "पिठासारखी आहे रे, निरुपद्रवी!"

दर शनिवारी धनीण मला मागच्या दारात झटकायची आणि मग धुवायची. नवऱ्याने स्वच्छ कपड्यांत कामावर जावं, एवढाच तिचा हट्ट. बावीस वर्षं मी तिच्या तोंडावर उडत राहिलो.

धनी खोकून खोकून गेला. मग तिलाही चार पावलांत दम लागू लागला. डॉक्टरांनी कारण सांगितलं तेव्हा मला माझीच किळस आली. या धुळीने आजारी पडलेल्यांवर कारखान्याच्या दवाखान्यात उपचार होत. साहेबांनी तिला दारातूनच परत पाठवलं. "बाईंनी कारखान्यात कधी पाऊल टाकलं नाही. आणि धूळ तर निरुपद्रवी!"

तिने तक्रार केली. चौकशीच्या दिवशी तिने मला पिशवीत घट्ट बांधून नेलं आणि साहेबांपुढच्या टेबलावर ठेवलं.

"हा त्यांचा शेवटच्या आठवड्याचा डगला, साहेब. धुतलेला नाही," ती धापा टाकत म्हणाली. "घरी झटकायचे, तसा इथे एकदा झटकते."

तिचा हात गाठीकडे गेला मात्र, साहेब नाकाला रुमाल लावून दाराशी!

"अहो, सोडू नका ती गाठ! खिडक्या उघडा कोणीतरी!"

"का हो साहेब?" चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं. "निरुपद्रवी आहे ना?"

साहेबांनी नाकावरचा रुमाल कपाळावर नेला. त्यांचा घामेजलेला चेहरा पाहून माझा जीव थंडावला.

तिला दवाखान्यात खाट मिळाली. गेलेला श्वास मात्र मिळाला नाही. गाठ तिने सोडलीच नाही. "बाकीच्यांनी काय पाप केलंय?" म्हणाली. मी सोडली असती.

आता मला दुहेरी पिशवीत बंद करून खोल पुरणार आहेत. मित्रांनो, इतर वस्तू म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणतो, माझ्या वाऱ्यालाही उभे राहू नका. आणि एखादी धूळ निरुपद्रवी आहे असं कोणी छातीठोकपणे सांगितलं, तर त्याला ती आधी स्वतःच्या घरात झटकायला सांगा.