मामांचा रिकामा नंबर

कॉम्प्युटरवालीनं मामांचं खातं पुसलं आणि लगेच जीभ चावली. मामांच्या नऊशे नक्ष्या जागच्या जागी होत्या; पण फाइल कुणाची, त्या रकान्यातून 'मामा' जाऊन नुसता आकडा उरला होता. एक हजार चार.

मामांना जाऊन महिना झाला. पडद्यांच्या कापडावर ते अशी वेल काढायचे, की म्हणे गिऱ्हाइकं घरी नेऊन तिला पाणी घालायची. त्या नक्ष्या साठवणारं मागच्या खोलीतलं युनिक्सचं मशीन तर इतकं जुनं, की ते बसवलं तेव्हा मालकसाहेबांच्या डोक्यावर केस होते. आता बाहेरच्या नव्या विंडोजवरून नक्ष्या उघडायच्या, म्हणून प्रत्येकाचं खातं दोनदा काढायचं: एकदा युनिक्सवर, एकदा शेअरिंगसाठी.

"झालं का?" साहेबांचे जावईबापू तिच्या खुर्चीमागेच उभे होते.

"होतंय, सर."

"नव्या खात्यांच्या यादीत पहिलं नाव माझंय. उरका. सगळीकडची मामांची सही काढून माझी टाकायचीय. गेलेल्या माणसाच्या सहीला कोण विचारतंय!"

तिचा पाय टेबलाखाली शिलाई मशीनवर ठेवल्यासारखा हलू लागला. मागच्या खोलीतल्या म्हाताऱ्या युनिक्सची खोड तिला ठाऊक होती. रिकामा झालेला नंबर ते पुढच्या खात्याला देऊन टाकायचं, आणि नंबरामागून नक्ष्याही जायच्या. बाकीच्यांनी त्या नुसत्या बघायच्या.

पेनाचं टोपण चावून चावून चपटं झालं. कोपऱ्यात रबरबाई बसल्या होत्या. मामांच्या कागदावरच्या पेन्सिलीच्या रेघा बावीस वर्षं त्यांनीच खोडल्या, फुंकर मारून कचरा उडवला. यादीत त्यांचं नाव सगळ्यात शेवटी.

"एवढा घाम कसला?"

"मशीन तापलंय, सर. जरा मागे सरता?"

ते सरकले. तिनं यादी खालून वर वाचत खाती काढायला घेतली.

तासाभरानं जावईबापू आपल्या जागेवरून ओरडले, "अहो, दिसतंय सगळं, पण सेव्ह होत नाही!"

"खातं तर बरोबर उघडलंय, सर."

"मग ह्याला हात लावता येतो तरी कुणाला?"

ती टेबलाखाली वाकून टोपण शोधू लागली. टोपण तिच्या मुठीतच होतं.

कोपऱ्यात रबरबाईंनी एक वेल उघडली होती. शेवटच्या पानाखाली मामांची सही. बाईंनी ती चष्मा वर करून पाहिली, खाली करून पाहिली. मग सवयीनं स्क्रीनवर हळूच फुंकर मारली, आणि फाइल होती तशी मिटली.