बिनकामाचं तिकीट

"म्हंजे समुद्राला भरतीच येत नाय?"

चंद्रावतीने मोबाइल डोळ्यांजवळ धरला. पडद्यावर केतकी कानटोपी घालून वाळूत उभी होती.

"जवळजवळ नाहीच, आई. वीतभर चढतं पाणी, तेवढंच."

"मंग मासळी कशी गावते?"

"थांब, विचारते कुणाला तरी," केतकी हसली.

पुण्याच्या कॉलेजातून एका सेमिस्टरसाठी ती पोलंडला गेली होती. गावाचं नाव लिहितात एक आणि म्हणतात भलतंच, वूच. सोमवार ते शुक्रवार वर्ग, प्रयोगशाळा, होस्टेलच्या स्वयंपाकघरात नंबर लावून केलेला भात. आणि शनिवार उजाडला की पाठीला पिशवी लावून नवं गाव. रविवारी जिथे असेल तिथून ती फोन करी. आणि चंद्रावती, जी रोह्याजवळ वरसेच्या शाळेत दोनशे मुलांची खिचडी शिजवायची, ती फोडणीवर जितकं लक्ष द्यायची तितक्याच बारकाईने विचारायची. बस बाया चालवतात काय? स्टेशनात चहा कोण विकतं? बर्फावरून चालताना आवाज येतो काय?

"आई, एवढं विचारतेस. तू रोह्याच्या पुढे ट्रेननं कुठवर गेलीस?"

चंद्रावती आठवू लागली. लग्न होऊन चोवीस वर्षं झाली. घरामागून रोज गाड्या कोकणात जायच्या. त्यांच्या आवाजावर ती डबे भरायची, कपडे वाळत घालायची.

"नाय गो," ती म्हणाली. "कधी काम नाय पडलं."

पुढच्या रविवारी तिने लवकर भाकऱ्या टाकल्या. नवरा दत्तात्रेय डोलवीच्या कारखान्यात शिफ्टवर गेला होता. सासरे महिपती ओट्यावर वाल सोलत होते.

"मामा, जेवण झाकून ठेवलाय. माणगावला जाऊन येते."

"कोण गेलं?"

"कोण नाय."

"लगीन हाय?"

"नाय."

"मंग?"

"बघायला."

महिपतींनी सोललेला वाल टोपलीत टाकला. "काय बघायला?"

"काय हाय ते," असं म्हणून ती निघाली.

शेजारची बायजा दोन दिवस चौकशी करत होती. चंद्रावती माणगावच्या कुणा चांगल्या डॉक्टरकडे जाते आणि त्याचं नाव सांगत नाही, असा तिचा समज झाला. पण चंद्रावतीला गोडी लागली होती. त्यानंतरच्या रविवारी ती उलट्या दिशेने पेणला गेली. पेण तिने तीनदा पाहिलं होतं, तिन्ही वेळा दवाखान्याचा जिना. या वेळी ती पोह्यांच्या गिरणीच्या दारात उभी राहिली आणि भाजलेलं भात रोलरखाली चपटं होऊन बाहेर येताना पाहत राहिली. गिरणीवाल्याने मूठभर गरम पोहे तिच्या हातावर ठेवले. केतकीला तिने ते पंधरा मिनिटं सांगितलं.

घरी आली की महिपती विचारायचे. आधी नुसतं "बघून झालं?" मग "गाडीला गर्दी होती?" आणि एका संध्याकाळी, वाल पाखडता पाखडता, "त्या माणगावच्या गाडीतनं, कोलाड यायच्या आधी, डाव्या अंगाला काय दिसतं?"

"शेतं असतील. मी उजव्या बाजूला बसलेली."

त्यांनी सूप खाली ठेवलं. म्हणाले, "आपली जमीन होती तिथं. अडीच एकर. भात, मागनं वाल. लाइन आली तवा मधनंच कापली, उरली ती विकली. मी म्हनलेलं, त्या गाडीत पाय ठेवनार नाय."

चंद्रावतीला हे अर्धवट ठाऊक होतं. त्यांच्या तोंडून ती प्रथमच ऐकत होती.

"आता त्यात काय हाय, कुनास ठाऊक," ते म्हणाले. "येत्या ऐतवारी जाशील तवा मला ने."

त्याच गुरुवारी केतकीचा फोन आला. अवेळी. तिथल्या प्राध्यापकांनी तिला पुढच्या शिक्षणासाठी थांबायला सांगितलं होतं. शिष्यवृत्तीही मिळणार होती. पुण्याच्या परीक्षेपुरतं ती येणार, आणि मग पुन्हा दोन वर्षं तिकडेच.

"आई, बोल ना. येऊ का परत?"

"आवडतंय ना तुला?"

"खूप."

"मंग ऱ्हा," चंद्रावती म्हणाली. फोन ठेवल्यावर ती शाळेत गेली आणि खिचडीत मीठ घालायला विसरली.

रविवारी महिपतींनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली. सावंतवाडीच्या पॅसेंजरमध्ये तिने त्यांना डाव्या खिडकीशी बसवलं. गाडी सुटली तसे त्यांनी दोन्ही हातांनी गज धरले. रोहा मागे पडलं. ते एकेक झाड ओळखू पाहत होते.

"ती चिंच... तो बांध... ह्यो बघ, हितनं..."

हिरव्या वालाचा एक तुकडा आला आणि गेला. कुणीतरी वाकून शेंगा तोडत होतं.

महिपती मागे वळून बघत राहिले. मग खिडकीला टेकले.

"एवढंच?" ते म्हणाले. "चालताना लय मोठं वाटायचं गो."

"पिकतंय की अजून."

"व्हय. वाल चांगला हाय. ज्यानं केलाय त्याला कळतं." त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी हरवल्यासारखे ते मात्र दिसत होते.

तेव्हा चंद्रावतीने सांगितलं, "मामा, केतकी ऱ्हानार हाय तिकडं. दोन वरीस. मी ऱ्हा म्हनलंय."

"दत्तूला ठाऊक हाय?"

"आज सांगनार."

महिपतींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. कोलाड गेलं, इंदापूर गेलं.

"येती ती पोर परत," ते अखेर म्हणाले, "पन दिस मोजत बसू नको."

चंद्रावतीने पदराने तोंड पुसलं आणि मान हलवली.

माणगावला निम्मा डबा रिकामा झाला. तिकिटं त्याच्याही पुढच्या वीर स्टेशनची होती. महिपती हळूच उठले, मधल्या वाटेत बाकाचा आधार घेत पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसले.

"मामा, काय झालं?"

"काय नाय. ही बाजू माझी, ती तुझी. नीट बघ. घरी गेल्यावर एकमेकाला सांगू."

चंद्रावती खिडकीकडे सरकली. गजांवर त्यांच्या हातांची ऊब अजून होती.