अण्णांचे बटाटे

हॉटेलात ताई रोज पातेलंभर बटाटे कुस्करायची आणि त्यात लोणी, दूध, किसलेलं चीज सढळ हाताने घालायची. घरी दात गेलेले अण्णा म्हणायचे, “पोरी, मलाही घाल की एकदा करून.”

“अण्णा, डॉक्टर मला फाडून खातील!” म्हणत ती पथ्याचं सूप पुढे सरकवायची.

पुढे मोठ्या दुखण्यात अण्णांच्या तोंडाची चवच गेली. डॉक्टर म्हणाले, “आता मागतील ते द्या.” ताईने लगबगीने बटाटे केले. अण्णांनी वाटी चाटूनपुसून संपवली.

“कसे झालेत?”

“मऊ आहेत गं. चव काही कळत नाही, पण तू केलेस ना, झालं तर!”

ताईने तोंड फिरवलं. तेव्हा चमचाभर दिले असते तर काय बिघडलं असतं, हे तिच्या मनातून कधी गेलंच नाही.