बारा वाजताचा नमस्कार

आमच्या सुनेचं ऑफिस या उन्हाळ्यात राजधानीपलीकडं पानग्योला गेलं. आम्ही राहतो इल्सानच्या कडेला. जायला दोन तास आणि यायला दोन तास. सुनेचं नाव ईसुल. शाळेच्या पुस्तकांत चित्रं कुठं बसवायची हे ठरवायचं तिचं काम. तिचा साहेब म्हणाला, "महिनाभर घराजवळ बसून काम करून बघ. पण बैठकीत मागून गोंधळ ऐकू येता कामा नये. नोव्हेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी मी ठरवीन." नाही जमलं तर रोज पानग्यो. आणि रोज पानग्यो म्हणजे ती नोकरी सोडणार, हे मला कळत होतं. सहा वर्षं जपलेली नोकरी होती.

घरी बसायची सोय नव्हती. आमचे हे कानानं अधू. टीव्ही असा लावतात की वरच्या मजल्यावर बातम्या पोचतात. शिवाय बातम्या देणाऱ्या माणसाशी भांडतातही.

मग आम्ही दोघी जागा शोधायला निघालो. वाचनालयात परीक्षेची मुलं सकाळी सातलाच वह्या ठेवून जागा अडवतात. तासावर जागा देणाऱ्या अभ्यासिकेत ईसुल एक दिवस बसली. संध्याकाळपर्यंत तिच्या टेबलावर तीन पिवळ्या चिठ्ठ्या चिकटल्या होत्या. तिसरीवर लिहिलं होतं, "बटणं हळू दाबा. श्वासही." स्टेशनाजवळ सामायिक ऑफिस निघालं आहे असं कळलं, तेही पाहिलं. काचेच्या छान खोल्या, कॉफीचं यंत्र, सगळं होतं. पण सगळ्या खोल्या वसंतापर्यंत भरलेल्या, आणि एक टेबल मोकळं होतं त्याच्या वरच्याच मजल्यावर पियानोचा क्लास. एकच सूर चाळीस वेळा चुकत होता.

"आई, राहू दे," ईसुल म्हणाली. "मी जाईन पानग्योला."

"थांब जरा," मी म्हटलं. "एक खोली मला ठाऊक आहे."

आमच्या वसाहतीचं म्हाताऱ्यांचं विरंगुळा केंद्र तळमजल्यावर आहे. आत शिरलं की आधी आजोबांची खोली, तिच्यातून पुढं आम्हा बायकांची, मग स्वयंपाकघर. आजोबा आता दोनच उरलेत आणि तेही दुपारी बुद्धिबळाला येतात. सकाळभर ती खोली रिकामी, जमीन खालून तापवलेली, ऊबदार, टेबल भक्कम.

विषय काढला तसा आमच्या अध्यक्षबाईंनी कोबीची सुरी खाली ठेवली. त्या किम्जेच्या. आम्ही एकमेकींना माहेरच्या गावानंच ओळखतो. त्या किम्जेवाली, मी नामवॉनवाली.

"पासष्टच्या आतल्यांना सभासद होता येत नाही," त्या म्हणाल्या.

"सभासद कुठं व्हायचंय तिला? टेबलापुरती जागा मागतेय."

"आणि रीतभात? आजकालची पोरं लिफ्टमध्ये फोनमधून मान वर काढत नाहीत."

"माझी सून तशी नाही," मी छाती पुढं काढून म्हटलं. "मोठं माणूस दिसलं की उठून वाकते. दरवेळी."

"दरवेळी?"

"दरवेळी."

"बघू," किम्जेवाली म्हणाली आणि पुन्हा कोबी चिरायला लागली.

घरी येऊन मी ईसुलला बजावलं, "उठून नमस्कार करायचा हं. मी शब्द दिलाय." तिथंच माझं चुकलं.

खोली मिळाली. पहिल्या सोमवारी सगळं गोड वाटलं. एकेक बाई आत यायची, ईसुल उठायची, कमरेत वाकायची, "या आजी" म्हणायची. बायका खूष. कुणी सोललेलं पर्सिमनचं फळ ठेवलं, कुणी रताळं. पण आमची चाल अशी की एक आत आली की चष्मा विसरला म्हणून परत जाते, दुसरी मुळे आणायला बाहेर पडते. त्यातून ते किमची, म्हणजे कोबीमुळ्याचं हिवाळ्याचं लोणचं, घालायचे दिवस. मी दारातून मोजलं, दहा ते बारात ईसुल एकतीस वेळा उठली.

शेवटच्या आठवड्यात बुधवारी तिची साहेबाशी बैठक होती, पडद्यावर. ती बोलत असताना गोक्सॉंगवाली आली, मग तिची जाऊ, मग मिठाचं पोतं घेऊन आणखी दोघी. ईसुल प्रत्येकीला उठली. साहेबाला पडद्यावर नुसतं पोट दिसत होतं.

"ईसुल, तू बसलीयस कुठं?" तो म्हणाला. "लग्नघरात?"

संध्याकाळी तिनं तोंड धुतलं आणि बराच वेळ टॉवेल खाली घेतला नाही.

"नाही उठलं तर चालेल का, आई?"

"चालेल की," मी म्हटलं.

"मला नाही चालणार. त्या दारात उभ्या आणि मी बसलेली? पाय आपोआप उठतात."

साहेबानं सांगितलेला शुक्रवार दोन दिवसांवर होता. गुरुवारी मुळे किसता किसता मी किम्जेवालीजवळ कबूल केलं. "अध्यक्षबाई, मी फुशारकी मारली. पोरीची नोकरी जाईल त्यापायी."

ती किसता किसताच म्हणाली, "मला पाहून ती उठली नाही तर मला वाईट वाटेल. खोटं कशाला बोलू? माझ्या स्वतःच्या सुना उठत नाहीत."

मी पुढचा मुळा किसणीवर घेतला.

शुक्रवारी दहाची बैठक. माझे गुडघे आखडले होते, मला निघायला उशीर झाला. केंद्राजवळ आले तर बाहेरच्या बाकावर आणि कठड्यावर नऊ बायका, सगळ्यांच्या अंगात फुलाफुलांच्या, कापूस भरलेल्या बंड्या, हातात सातूचा गरम चहा. वारा बोचत होता.

"अगं बायांनो, आत का नाही गेलात?"

"हळू बोल," किम्जेवाली दटावून म्हणाली. "आम्हाला पाहिलं की ती उठते ना? मग आम्ही दिसायचंच नाही."

"माझे पाय गारठले," गोक्सॉंगवाली कुरकुरली.

"मग नाच. पण आवाज न करता."

तेवढ्यात मिठाचं पोतं घेऊन एक म्हातारी लांबून आली. ती खिडकीखालून वाकून, पोतं पोटाशी धरून चालू लागली. आम्ही हसू दाबायला बंड्यांचे काठ तोंडात कोंबले.

सव्वाअकराला दार उघडलं. ईसुल अनवाणीच उंबऱ्यात आली.

"तुम्ही सगळ्या... कधीपासून?"

"ते सोड," किम्जेवाली म्हणाली. "साहेब काय म्हणाला?"

"वर्षभर इथूनच कर म्हणाले. आणि विचारलं, आज लग्न मोडलं का?"

मग ती वाकली. एकदाच, आम्हा सगळ्यांसाठी मिळून, पण इतका वेळ की तिचे केस पायपुसण्याला टेकले.

"पुरे, उठ," किम्जेवाली म्हणाली. "एवढा एक आम्हाला दिवसभर पुरेल."

त्याच दुपारी नियम ठरला आणि पाटी लिहायचं काम माझ्याकडं आलं. मी लिहायला उशिरा शिकले, म्हणून माझी अक्षरं मोठी असतात. ती चष्म्यावाचून वाचता येतात. "काम करणाऱ्यांनी उठू नये. नमस्कार बारा वाजता, जेवणाआधी, एकदाच."

परवा तीनशे दोन नंबरच्या इमारतीतला एक तरुण कॉम्प्युटर काखेत धरून दारात आला. त्याला म्हणे जागा हवी होती. किम्जेवालीनं त्याला वरून खाली न्याहाळलं.

"टेबल आहे," ती म्हणाली. "बारा वाजता कंबर वाकते का तुझी?"